गॉर्डन सेमिनारला पहिल्यांदा जाताना: आल्प्समधल्या आठवड्याची तयारी

पीएचडीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी गाइड एखाद्या दिवशी सहज म्हणतात, "यंदा गॉर्डनला अर्ज करून टाक." गॉर्डन म्हणजे एकाच विषयावर काम करणाऱ्या मोजक्या संशोधकांची आठवडाभराची परिषद. तिच्या संकेतस्थळावर ठिकाण दिसतं ले दियाब्लेरे, स्वित्झर्लंड. नकाशात बघावं तर आल्प्सच्या घडीत दडलेलं एक गाव, जवळपास विमानतळ नाही. कार्यक्रमपत्रिकेत रोज दुपारचे काही तास कोरे सोडलेले. एवढा खर्च करून माणसं तिथे नक्की करतात काय, हा प्रश्न पडतोच. पहिल्यांदा निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी, ही परिषद इतरांहून वेगळी कशी

नील गॉर्डन हे रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९३१ साली त्यांनी सुरू केलेल्या उन्हाळी चर्चांमधून या परिषदा वाढल्या. विषय एकच आणि नेमका, माणसं मोजकी, जागा शहरापासून दूर, आणि सगळे एकाच छपराखाली राहणार, जेवणार. मुख्य परिषद रविवारी संध्याकाळी सुरू होऊन शुक्रवारी सकाळी संपते. बऱ्याच विषयांत तिला जोडून आधीच्या शनिवार-रविवारी ‘गॉर्डन रिसर्च सेमिनार’ होतो. तो पूर्णपणे विद्यार्थ्यांचा आणि पोस्टडॉक (म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्या) मंडळींचा. आयोजक तेच, बोलणारे तेच, ऐकणारेही तेच. एखाद-दुसरा अनुभवी शास्त्रज्ञ मार्गदर्शनापुरता असतो, बाकी प्राध्यापकांना मज्जाव.

माझं मत विचाराल तर नवख्याने दोन्हींसाठी अर्ज करावा. नुसत्या सेमिनारसाठी एवढा प्रवास परवडत नाही. आणि सेमिनार गाळून थेट मुख्य परिषदेत उतरलात, तर रविवारी रात्रीच्या जेवणाला कुणाच्या टेबलाशी बसायचं इथपासून सुरुवात करावी लागते. आदल्या दिवशी वीस-तीस समवयस्कांशी ओळख झालेली असली की पुढचे पाच दिवस सोपे जातात.

अर्ज

इथे पैसे भरले की नाव नोंदलं, असं होत नाही. आधी अर्ज जातो, परिषदेचे अध्यक्ष तो पाहतात, स्वीकारला की मग नोंदणी आणि शुल्क. सेमिनार आणि मुख्य परिषद यांचे अर्जही वेगळे आणि शुल्कंही वेगळी. सेमिनारच्या अर्जासोबत अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे आपल्या कामाचा छोटा गोषवारा, द्यावा लागतो आणि त्यातूनच तोंडी भाषणांसाठी निवड होते, म्हणून तो "नंतर सुधारू" म्हणून खरडून देऊ नका. भाषणासाठी विचार व्हायचा असेल तर अर्जाची तारीख बरीच आधीची असते. ती वेगळी पाहून ठेवा.

अर्जाची शेवटची तारीख परिषदेच्या थोडी आधीपर्यंत असते. ती युरोपातल्या विद्यार्थ्यासाठी ठीक आहे. आपल्याला व्हिसा काढायचा आहे. परिषद जुलैत असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज गेला पाहिजे.

पैसे

शुल्कात राहणं आणि जेवणखाण आलं, ही जमेची बाजू. स्वित्झर्लंडमध्ये हॉटेल आणि जेवण स्वतःच्या खिशातून करायचं झालं तर फेलोशिपचा महिना आठवड्यात संपेल. खोली बहुधा दोघांत असते, सोबतीला कोण येईल ते तिथे गेल्यावरच कळतं.

तीन दारं एकदम ठोठवा. पहिलं, परिषदेचे अध्यक्ष. त्यांच्याकडे विद्यार्थ्यांसाठी थोडा निधी असतो. अर्ज मंजूर झाल्यावर तीन-चार ओळींची नम्र ईमेल लिहून विचारायला काहीच हरकत नाही, आणि संकोचापोटी पुष्कळ जण विचारतच नाहीत. दुसरं, सरकारी प्रवास अनुदान: एएनआरएफ, म्हणजे पूर्वीची एसईआरबी, किंवा सीएसआयआर, या संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्था. यांचे अर्ज काही महिने आधी करावे लागतात आणि सोबत स्वीकृतीचं पत्र लागतं. म्हणजे पुन्हा तेच, अर्ज लवकर. तिसरं दार आपली संस्था आणि गाइडच्या प्रकल्पातला प्रवासखर्च.

सरकारी पैशातून विमानाचं तिकीट असेल तर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. २०२२ पासूनच्या नियमानुसार असं तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तीन सरकारी एजंटांमार्फतच काढावं लागतं. दुसऱ्या संकेतस्थळावर चार हजारांनी स्वस्त मिळालं म्हणून काढलंत तर परतल्यावर अकाउंट्स सेक्शन बिल अडवू शकतो. तिकीट काढण्याआधी तिथल्या क्लार्कशी दहा मिनिटं बोला. नेमका नियम काय आणि त्यांना कुठला कागद कसा लागतो, हे गाइडपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

व्हिसा

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, २००८ पासून आहे. त्यामुळे लागतो तो शेंगेन व्हिसा. अर्ज व्हीएफएस या व्हिसाअर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा, प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी. पण पंधरा दिवसांवर विसंबू नका. निर्णयाला साधारण तेवढे दिवस लागतात आणि प्रकरण अडलं तर पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतं. शिवाय एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडच्या सहलींचा हंगाम, अपॉइंटमेंट मिळणंच मुश्कील. व्हिसाशुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, व्हीएफएसचा आकार वेगळा.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. विमा घेताना डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलून आणण्याचा खर्च त्यात येतो का, हे विचारा. कारण पुढे येईलच.

विद्यार्थ्याच्या फायलीत खरं वजन असतं ते तीन कागदांना: परिषदेचं निमंत्रणपत्र, संस्थेची एनओसी (ना-हरकत पत्र), आणि खर्च कोण करतंय याचं पत्र. एनओसीत "या तारखेला परत येऊन संशोधन पुढे चालू ठेवतील" असं स्पष्ट वाक्य घालून घ्या. खात्यात चार आकडी शिल्लक असली तरी घाबरू नका. फेलोशिपचा आदेश आणि अनुदानाचं पत्र असेल तर चित्र स्पष्ट होतं. अर्जाच्या आठवडाभर आधी मामाकडून दोन लाख घेऊन खात्यात टाकणं मात्र टाळा. अचानक आलेली रक्कम उलट प्रश्न निर्माण करते.

परिषदेनंतर लोझान किंवा झुरिकच्या एखाद्या प्रयोगशाळेला भेट द्यायचा विचार असेल तर ते आधी ठरवून व्हिसाच्या अर्जातच लिहा. आल्प्सपर्यंत गेलाच आहात, तर एका दिवसात तिथे एक व्याख्यान देऊन येणं ही पोस्टडॉकसाठीची फार चांगली पेरणी आहे.

पोस्टर

इथे पोस्टर, म्हणजे आपलं संशोधन मांडणारा मोठा छापील तक्ता, हाच तुमचा मुख्य कार्यक्रम. ते दोन-दोन दिवस टांगलेलं असतं आणि त्यासमोर दोन-दोन तास उभं राहायचं असतं. तुमच्या विषयातली ज्यांची नावं तुम्ही संदर्भसूचीत टाइप करता, ती माणसं हातात ग्लास घेऊन समोर येतात आणि विचारतात, "हं, सांग, काय केलंस?"

कागदी पोस्टर आणि त्याची ती लांब नळी घरी ठेवा. कापडावर छापून घ्या, घडी करून बॅगेत जातं, वजन नाही, विमानात कुणी हटकत नाही. पुण्या-मुंबईत फ्लेक्सवाले कापडी छपाई करून देतात. फक्त नमुना आधी पाहा, कारण बारीक अक्षरं कापडावर पसरतात. आकार परिषदेने दिलेल्या फळ्याच्या मापानेच ठेवा.

आता मजकुराचं. गॉर्डनचा कडक नियम असा की तिथे ऐकलेलं-पाहिलेलं तिथेच राहतं. स्लाइडचे, पोस्टरचे फोटो काढायचे नाहीत, भाषणं रेकॉर्ड करायची नाहीत, कुणाची अप्रकाशित माहिती पेपरात उद्धृत करायची नाही. परिषदेचा वृत्तान्त-ग्रंथही निघत नाही. हेतू हा की लोकांनी छापून न आलेलं, अर्धवट, फसलेलं कामही उघड दाखवावं. म्हणून तीन वर्षांपूर्वी छापलेल्या पेपरचं पोस्टर नेऊ नका. तरीही काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे गाइडशी बसून ठरवा. नियम आहे म्हणून समोरचा ते विसरून जाईल असं नाही.

तोंडी तयारी दोन प्रकारची ठेवा: दीड मिनिटाची आणि दहा मिनिटांची. समोरचा कुठली मागतो ते त्याच्या पायांकडे पाहून कळतं.

बॅग

गाव साधारण १,१५० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरहूनही कमी उंचीवर. तिथे श्वास लागायचा प्रश्न नाही. जुलैत दिवसा छान ऊन असतं, रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो, आणि दुपारनंतर गडगडाटासह पाऊस कधीही. एक पातळ स्वेटर, एक चांगलं रेनजॅकेट, आणि सह्याद्रीत वापरून मळलेले ट्रेकिंगचे बूट. नवे कोरे बूट नेऊन पायाला फोड आणू नका. सूट-टायची गरज नाही. मोठमोठी माणसं हाफ पॅन्टमध्ये भाषण देतात.

स्विस सॉकेट षटकोनी खळग्यात असतं. मोबाइलच्या चार्जरची बारीक दोन गोल पिना त्यात जातात, पण लॅपटॉपचा आपला जाड तीन पिनांचा प्लग जाणार नाही. अ‍ॅडॉप्टर इथूनच न्या. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, गावातल्या दगडी हौदाला येणारं बहुधा तेच. बाटली सोबत असू द्या.

खाऊ नेताना एक अट पाळा: युरोपाबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. पेढे, खवा घरीच राहू द्या. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तेलातले थेपले चालतील.

पोहोचणं

मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे, जिनिव्हाला कुठेतरी बदलावं लागतं. झुरिकहून गावापर्यंतचा प्रवास चार तासांच्या आसपास, जिनिव्हाहून त्याहून बराच कमी. वाटेत फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलणार असाल तर शेंगेनची पासपोर्ट तपासणी तिथेच होते. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे दीड तासाचा थांबा घेऊन जीव टांगणीला लावू नका.

जिनिव्हा विमानतळाच्या पोटातच रेल्वेस्थानक आहे. तिथून एगल या गावापर्यंत थेट गाडी, सव्वा तासाच्या वर थोडी. डब्यात उजव्या हाताची खिडकी पकडा. लेमान (जिनिव्हाचं) सरोवर जवळजवळ पूर्ण वेळ सोबत असतं, लोझाननंतर डावीकडे लाव्होचे द्राक्षमळे उतरणीवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातात, मोंत्रोनंतर पाण्यातच उभा असलेला शियोंचा किल्ला दिसतो. एगलला उतरलं की फलाटाबाहेर छोटी, अरुंद मार्गाची गाडी उभी असते. ती आधी गावाच्या रस्त्यांतून ट्रामसारखी जाते आणि मग द्राक्षमळ्यांतून चढत पाऊण-एक तासात ले दियाब्लेरेला पोहोचवते. ही गाडी तासाला एक, रात्री लवकर थांबते. शेवटची किती वाजता ते एसबीबी, म्हणजे स्विस रेल्वेच्या अ‍ॅपवर पाहून ठेवा. याच अ‍ॅपवर आगाऊ घेतलेली ‘सुपरसेव्हर’ तिकिटं पुष्कळ स्वस्त पडतात, पण ती ठरावीक गाडीचीच असतात. विमान उशिरा आलं तर तिकीट वाया. म्हणून जाताना साधं तिकीट, येताना सुपरसेव्हर.

शक्य असेल तर शुक्रवारीच पोहोचा. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्याहून साडेतीन तास मागे असतं. गॉर्डनचं संध्याकाळचं सत्र साडेसातला सुरू होऊन साडेनऊला संपतं, म्हणजे तुमच्या शरीराच्या हिशेबाने रात्री अकरा ते एक. थेट विमानातून उतरून त्या अंधाऱ्या सभागृहात बसलात तर पहिल्या रांगेत मान पडेल. शुक्रवारची रात्र एगल किंवा लोझानमध्ये वसतिगृहात काढली तर फार खर्च येत नाही. रविवारी दुकानं बहुतेक बंद असतात, त्यामुळे सिमकार्ड, औषध, साबण जे काय असेल ते शनिवारी दुपारपर्यंत उरका.

तिथला दिवस

सकाळी नऊ ते साडेबारा भाषणं. जेवण. मग चारपर्यंत सुट्टी. चार ते सहा पोस्टर. पुन्हा जेवण, आणि साडेसात ते साडेनऊ परत भाषणं. त्यानंतर बार उघडा. न पिणाऱ्यांनीही तिथे जाऊन बसावं. सफरचंदाचा रस मिळतो आणि दिवसभरातली सर्वांत मोकळी चर्चा तिथेच होते.

सेमिनारमध्ये भाषण ऐकताना मागे बसू नका आणि किमान एक प्रश्न विचारा, पहिल्याच सत्रात. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना "आधी सरांनी विचारू दे" ही सवय लागलेली असते. इथे सर नाहीतच. सेमिनारच्या शेवटी पुढच्या खेपेचे अध्यक्ष उपस्थितांमधूनच निवडले जातात. इच्छा असेल तर नाव द्या. दोन वर्षांनी तुम्ही स्वतः एक आंतरराष्ट्रीय बैठक भरवाल, वक्ते बोलवाल, पैसे उभे कराल. बायोडेटात अशी ओळ सहज येत नाही.

मुख्य परिषदेत रोज वेगळ्या टेबलाशी जेवा. दोन मराठी किंवा चार भारतीय भेटले की आपला कोपरा तयार होतो, आणि होऊ द्यावा, रात्री दहानंतर. जेवताना नाही.

जेवणाबद्दल: नोंदणीच्या अर्जात शाकाहारी असल्याची खूण केलीत तर उपाशी राहणार नाही, पण चीज, बटाटा, पास्ता यांच्या फेऱ्यात सापडाल. फाँड्यू या प्रसिद्ध चीजच्या रश्श्यात पांढरी वाइन असते, हे मद्य टाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. स्थानिक पारंपरिक चीजमध्ये प्राण्यांपासून काढलेलं विरजण असतं, कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या. ज्यांना चालतं त्यांनी शेजारच्या खोऱ्यातलं ‘लेतिव्हा’ चीज चुकवू नये. ते फक्त उन्हाळ्यात, डोंगरावरच्या कुरणांत, लाकडाच्या चुलीवर करतात.

ती कोरी दुपार

नवखे विद्यार्थी इथेच चुकतात. दुपारी खोलीत जाऊन पोस्टरचं वाक्य बदलत बसतात किंवा झोपतात. दुपार मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, कारण दोन तास चढ चढताना माणूस ज्या गोष्टी सांगतो त्या प्रश्नोत्तरांत सांगत नाही. जेवणाच्या टेबलावर "आम्ही अमुक तलावाकडे जातोय" असं कुणी म्हटलं की "मी येऊ का?" एवढंच म्हणायचं. नाही कुणी म्हणत नाही.

पहिल्या दिवशी लाक रेतो हा छोटा तलाव बरा. तो कोल द्यु पियों या खिंडीच्या वर आहे आणि खिंडीपर्यंत पोस्टाची पिवळी बस जाते. खिंडीची उंची १,५४६ मीटर, आपल्या कळसूबाईहून बरोबर शंभर मीटर कमी. इथूनच ‘ग्लेशियर ३०००’ची केबलकार वर जाते, २,९७१ मीटरपर्यंत. तिकीट महाग आहे, पण आकाश निरभ्र असेल तर एकदा जावं. वर दोन शिखरांना जोडणारा १०७ मीटरचा झुलता पूल आहे. पलीकडे त्सांफ्लरों हिमनदी. तिच्या टोकाशी एक एकाकी सुळका उभा आहे आणि जुनी दंतकथा अशी की सैतान त्यावर नेम धरून दगड फेकत खेळत. गावाच्या नावातच सैतान आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथल्या खिंडीतला बर्फ वितळून किमान दोन हजार वर्षांत पहिल्यांदा खालची जमीन उघडी पडली. हवामानावर काम करणारे तिथे थांबून बराच वेळ बोलतात. झटक्यात एवढ्या उंचीवर गेल्याने काहींचं डोकं दुखतं. पाणी प्या, पळापळ करू नका.

चालण्याच्या वाटांवर पिवळ्या पाट्या असतात. त्यांवर अंतर नाही, वेळ लिहिलेला असतो आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. नुसती पिवळी खूण म्हणजे सोपी वाट, पांढरी-लाल-पांढरी म्हणजे डोंगरी, पांढरी-निळी-पांढरी दिसली तर मागे फिरा. गुरांसाठी घातलेल्या तारेत वीज असते, फाटक उघडलंत तर लावून घ्या, वासरासोबतच्या गाईपासून लांब राहा. ढग काळवंडले तर कड्यावरून खाली या. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेला १४४, हेलिकॉप्टर बचावाला १४१४. विम्याचं मघाशी म्हटलं ते यासाठी. आणि चारच्या आत पोस्टरपाशी हजर व्हा, चिखलाच्या बुटांनी आलात तरी चालेल.

परतल्यावर

ज्यांच्याशी खरंच काही बोलणं झालं अशा पाच-सहा जणांना आठवड्याच्या आत ईमेल करा, आणि त्यात त्या बोलण्यातला एखादा नेमका मुद्दा येऊ द्या: "तुम्ही सुचवलेला कंट्रोल लावून पाहिला" वगैरे. नुसतं "भेटून आनंद झाला" याला उत्तर येत नाही.

अनुदानाच्या हिशेबाला बोर्डिंग पास लागतात, दोन्ही बाजूंचे, सगळे. शुल्काची पावती, परिषदेचं उपस्थितीचं प्रमाणपत्र, पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या पानाची झेरॉक्स, रेल्वेची तिकिटं आणि रुपयांत किती पडले ते दाखवणारं बँकेचं किंवा फॉरेक्स कार्डाचं विवरण. नव्या पद्धतीत शिक्का मिळाला नसेल तर बोर्डिंग पास आणखी जपा. फोनवरच्या पासचा स्क्रीनशॉट काही ठिकाणी चालत नाही, म्हणून विमानतळावर काउंटरवरून कागदी पास मागून घ्या.